घरातील वस्तू आणि कुटुंबाची मोजदाद : अवध आणि महाराष्ट्र

लखनौहून सीतापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, शहराच्या मध्यापासून वीसएक किलोमीटर अंतरावर, बख्शी का तालाब ही वस्ती लागते. आज ती नगरपंचायत आहे, तहसिलीचे ठिकाण आहे आणि वायुदलाच्या तळामुळेही ओळखली जाते. नावातील तलाव नवाबी अमदानीतील एका बख्शीचा. बख्शी म्हणजे फौजेची हजेरी घेऊन वेतन वाटणारा अधिकारी. मराठी वाचकाला हा हुद्दा परका नाही. फारसी कारभाराच्या भाषेतून तो मराठ्यांच्या राज्यातही आला, आणि महादजी शिंद्यांच्या फौजेतील जिवबादादा केरकर इतिहासाला जिवबादादा बक्षी म्हणूनच ठाऊक आहेत. मोजदाद करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावातच उत्तर प्रदेशाचे राज्य ग्राम्य विकास संस्थान असावे, हा निव्वळ योगायोग होय. मात्र ग्रामविकासाच्या बहुतेक योजना ज्या एककावर उभ्या असतात, ते ‘कुटुंब’ नावाचे एकक कसे मोजले गेले आणि त्या मोजणीत घरातील आधुनिक वस्तूंचा प्रवेश कसा नोंदला गेला, या प्रश्नाकडे वळण्यास हा योगायोग सोयीचा आहे.

भारतीय जनगणनेने कुटुंबाजवळील वस्तूंची देशव्यापी नोंद प्रथम २००१ मध्ये केली. रेडिओ अथवा ट्रान्झिस्टर, दूरचित्रवाणी संच, दूरध्वनी, सायकल, स्कूटर वा मोटारसायकल आणि मोटार अशी ती यादी होती. २०११ मध्ये तीत संगणक, इंटरनेट आणि मोबाइल यांची भर पडली. या दोन गणनांमधील दशकात देशातील रेडिओ असलेल्या कुटुंबांचे प्रमाण ३५.१ टक्क्यांवरून १९.९ टक्क्यांवर उतरले, दूरचित्रवाणीचे ३१.६ वरून ४७.२ वर चढले, सायकल ४३.७ वरून जेमतेम ४४.८ झाली, आणि दूरध्वनी ९.१ वरून एकदम ६३.२ टक्क्यांवर पोचला. सहा वस्तूंपैकी एकही नसलेली कुटुंबे २००१ मध्ये ३४.५ टक्के होती. एवढ्या आकड्यांवरून प्रगतीचा एक सरळ आलेख काढता येतो, आणि तो अनेकदा काढला गेला आहे.

आलेखाच्या मुळाशी एक क्रम गृहीत असतो. प्रथम वीज, मग रेडिओ, पुढे दूरचित्रवाणी, त्यानंतर दूरध्वनी आणि शेवटी संगणक. महाराष्ट्र या शिडीवर वर आणि उत्तर प्रदेश खाली, हेही त्याबरोबरच गृहीत धरले जाते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ८३.९ टक्के घरांत प्रकाशासाठी वीज होती, उत्तर प्रदेशात ३६.८ टक्के घरांत. उत्तर प्रदेशाच्या ग्रामीण भागात तर केवळ २३.८ टक्के. दूरचित्रवाणी संच महाराष्ट्रात ५६.८ टक्के घरांत, उत्तर प्रदेशात ३३.२ टक्के. येथवर शिडी शाबूत आहे. दूरध्वनीचा रकाना उघडताच ती मोडते. महाराष्ट्र ६९.१, उत्तर प्रदेश ६६.९. विजेत सत्तेचाळीस टक्क्यांचे अंतर असलेली दोन राज्ये फोनच्या बाबतीत जवळपास एका पायरीवर उभी होती. साधी वजाबाकी केली तरी उत्तर प्रदेशातील किमान तीस टक्के कुटुंबांच्या घरात विजेचा दिवा नव्हता आणि फोन होता, असे निघते. अवधात जिला ढिबरी म्हणतात आणि महाराष्ट्रात चिमणी, तिच्या उजेडात तो फोन वाजत होता. त्याची बॅटरी बाजारातल्या दुकानात दोन-पाच रुपये देऊन, किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर, भरून आणली जात होती.

सायकलचा रकाना त्याहून बोलका आहे. उत्तर प्रदेशात ६७.७ टक्के कुटुंबांकडे सायकल, महाराष्ट्रात ३०.५ टक्के. एकेकाळी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, त्या प्रांताची ही स्थिती. महाराष्ट्राने सायकल टाकून मोटारसायकल घेतली, हे उत्तर पुरेसे नाही. दुचाकी वाहने महाराष्ट्रात २४.९ आणि उत्तर प्रदेशात १९.६ टक्के, म्हणजे अंतर पाच टक्क्यांचे आहे, सदतीस टक्क्यांचे नव्हे. गंगेचे सपाट खोरे, महाराष्ट्रातील डोंगर आणि घाट, १९४८ पासून खेडोपाडी पोचत गेलेली एस. टी., आणि चाळीच्या खोलीत सायकल ठेवायला नसलेली जागा यांचा विचार त्यासाठी करावा लागतो. सायकल ही मागासलेपणाची खूण मानायची की स्वायत्ततेची, हे तक्ता सांगत नाही. ज्या वस्तूला घरातली तार लागत नाही ती वस्तू अवधात आधी आली, एवढे मात्र त्यावरून निश्चित होते. सायकल, ट्रान्झिस्टर, मोबाइल या तिन्ही वस्तू राज्याने खांब रोवण्याची वाट न पाहता घरात शिरल्या.

येथे इतिहासकाराला पहिली अडचण भेटते. २००१ पूर्वी अशी मोजदाद नव्हती. होते ते परवाने. भारतात नियमित प्रसारण २३ जुलै १९२७ रोजी मुंबईतून सुरू झाले, आणि रेडिओ बाळगणाऱ्याने वार्षिक शुल्क भरून टपाल खात्याकडून परवाना घ्यावा अशी रीत पडली. पुढे ट्रान्झिस्टरचा प्रसार झाला आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास घरगुती परवाने रद्दच झाले. परवाना हा व्यक्तीच्या नावाने असे, पत्ता घराचा असे, आणि ऐकणारी अख्खी आळी असे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात सहा केंद्रे आणि सुमारे पावणेतीन लाख परवानाधारक संच होते. त्या सहांपैकी एक केंद्र लखनौचे, २ एप्रिल १९३८ रोजी सुरू झालेले, मुंबईचे दुसरे. पुणे केंद्र १९५३ मध्ये आले. चौतीस कोटींच्या देशात पावणेतीन लाख संच ही संख्या नगण्य दिसते. परंतु ती श्रोत्यांची संख्या मानणे ही चूक होईल, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाने तरी ती करू नये.

१ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६ या काळात पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ दर आठवड्यास प्रसारित झाले. ज्या घरी रेडिओ होता त्या घरी शेजारपाजारची मंडळी जमत, संचाला हार घालीत, या आठवणी त्या पिढीने वारंवार नोंदवल्या आहेत. याच केंद्रावरून, याच महिन्यांत, दुसराही एक प्रयोग चालू होता, आणि तो तुलनेने विस्मृतीत गेला आहे. युनेस्कोच्या साहाय्याने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत ‘रेडिओ ग्रामीण मंडळे’ चालविण्यात आली. गावातील काही निवडक लोकांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे, अशी योजना. तुलनेसाठी मंडळाविना नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओही नसलेली गावे निवडली होती. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. त्याचा वृत्तान्त जगदीशचंद्र माथुर आणि पॉल न्यूरॅथ यांच्या नावे १९५९ मध्ये युनेस्कोने प्रसिद्ध केला.

यातील माथुर हे आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक. परंतु हिंदी नाटकाच्या अभ्यासकांना ते ‘कोणार्क’चे नाटककार म्हणून परिचित आहेत. मूळचे उत्तर प्रदेशातील खुर्जा येथील. एक हिंदी नाटककार मराठी खेड्यांतील श्रवणाचा अहवाल लिहितो, आणि त्याच सुमारास ‘बनगरवाडी’चे कर्ते व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात रुजू होतात, ही घटना दोन्ही भाषांच्या वाङ्मयेतिहासांत एकमेकींपासून अलग नोंदली गेली आहे. ती एकत्र वाचण्याचे कारण असे, की एकाच केंद्राच्या ध्वनिलहरी त्या वसंतात दोन प्रकारच्या संचांवर उतरत होत्या. एक संच कोणाच्या तरी दिवाणखान्यातला, परवानाधारकाचा, जेथे शेजारी पाहुणे म्हणून येत. दुसरा गावाचा, जेथे ऐकणारा पाहुणा नसे, सभासद असे. मराठी सांस्कृतिक स्मृतीने पहिला संच जपला. हाराची आठवण राहिली, चर्चेची राहिली नाही. हा निवडीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ‘गीतरामायणा’च्या गुणवत्तेत शोधून भागणार नाही, मध्यमवर्गीय घर हेच आठवणीचे एकक झाले होते, हेही त्याचे एक कारण मानले पाहिजे.

लखनौ केंद्राचा इतिहास थोडा निराळा आहे. अमृतलाल नागर १९५३ ते १९५६ या काळात तेथे नाट्यनिर्माते होते. परंतु केंद्राचा आवाज खेड्यांत पोचला तो ‘रमई काका’ या नावाने लिहिणारे चंद्रभूषण त्रिवेदी यांच्या अवधीतून. ‘बहिरे बाबा’ या त्यांच्या श्रुतिकेला अवधी प्रदेशात अफाट लोकप्रियता मिळाली. केवळ ऐकण्यासाठीच असलेल्या माध्यमाने ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्याला नायक करावे यातील विनोद श्रोत्यांना समजावून सांगावा लागला नाही. खडी बोलीतील साहित्याने आणि पाठ्यपुस्तकांनी मागे सारलेली अवधी रेडिओवर पुन्हा सार्वजनिक झाली. मराठीत माणदेशी बोलीने मुद्रित कथेतून प्रतिष्ठा मिळवली, अवधीने ती हवेतून मिळवली. ज्या प्रदेशात अक्षर कमी पोचले तेथे संच अधिक मोलाचा ठरला, असे अनुमान यावरून करता येईल. २०११ मध्येही उत्तर प्रदेशातील जवळपास चौथा हिस्सा कुटुंबांकडे रेडिओ होता आणि देशाची सरासरी त्याहून कमी होती. या तपशिलाची संगतीही याच्याशी लावता यावी.

वस्तू कोणाची, हा प्रश्न हिंदी कथेने जनगणनेच्या पुष्कळ आधी विचारला होता. फणीश्वरनाथ रेणु यांची ‘पंचलाइट’ ही कथा १९५९ च्या ‘ठुमरी’ या संग्रहात आहे. प्रदेश अवधच्या पूर्वेचा, बिहारच्या पूर्णिया भागातला. महतो टोळी दंडाच्या जमलेल्या पैशांतून रामनवमीच्या जत्रेत पेट्रोमॅक्स, म्हणजे मराठी बोलीतील गॅसबत्ती, विकत आणते. इतर टोळ्यांकडे ती आधीपासून आहे. पूजाअर्चा होते, लोक जमतात, आणि मग ध्यानात येते की ती पेटवता कोणालाच येत नाही. परक्या टोळीतला माणूस बोलावणे म्हणजे कायमची नामुष्की. पेटवता येते ते एका गोधनला, आणि गोधन सिनेमाचे गाणे गातो म्हणून पंचांनी त्याला वाळीत टाकलेले. ही गोष्ट ठाऊक असते मुनरीला, जिच्या आईच्या तक्रारीवरूनच ही शिक्षा झालेली असते. शेवटी गोधनला बोलावतात. स्पिरिट नसल्याने तो खोबरेल तेलावर बत्ती पेटवतो, आणि त्याचे अपराध माफ होतात.

या कथेचे रसग्रहण बहुधा ग्रामीण विनोद आणि प्रेमकथा या अंगांनी झाले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिच्यातील व्यवस्था अधिक महत्त्वाची. वस्तूचा मालक घर नाही, गाव नाही, जात-पंचायत आहे. पैसा दंडाचा, म्हणजे शिस्तीचा. प्रतिष्ठा टोळीची. कौशल्य बहिष्कृताचे. आणि ते कौशल्य कोठे आहे हे ज्ञान एका मुलीचे, जिला ते उघडपणे बोलून दाखवता येत नाही. मालकी, वापर, कौशल्य आणि माहिती या चार गोष्टी चार ठिकाणी विभागलेल्या आहेत. जनगणनेचा तक्ता या चारांची एक गोष्ट करतो आणि तिला कुटुंबाची मालमत्ता म्हणतो. रेणूंच्या टोळीला २००१ चा प्रगणक भेटला असता, तर एकाही घराच्या पुढे त्याला खूण करता आली नसती.

समाजशास्त्राच्या बाजूनेही त्या दशकात प्रश्न वेगळ्या रीतीने मांडला जात होता. लखनौ विद्यापीठातील मानवशास्त्रज्ञ धीरेंद्रनाथ मजुमदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लखनौजवळच्या गोहनाकल्लां या गावातील आंतरजातीय संबंधांवरचा अभ्यास १९५५ मध्ये ‘ईस्टर्न अँथ्रोपॉलॉजिस्ट’मध्ये प्रसिद्ध केला. या दृष्टीला एकक होता संबंध. घराला अलग काढून त्याच्या आत काय आहे हे विचारण्याची पद्धत पुढे आली, आणि तिच्याबरोबर शेजार अभ्यासातून गळाला.

घर हे एकक मराठीत लवकर स्थिर झाले, याचे एक कारण नियतकालिकांत सापडते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलीचे दुकान काढले. नांगराच्या कारखान्यासाठी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आणि त्या कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघाले. पुढे ते ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि १९३० मध्ये त्याच संस्थेने ‘स्त्री’ सुरू केले. लोखंडी नांगर विकणाऱ्या कारखान्याच्या पोटी एका भाषेतील दोन प्रमुख वाङ्मयीन मासिके जन्मावीत, याला भारतीय भाषांत फारशी तोड नसावी. लखनौत त्याच काळात ‘माधुरी’ १९२२ मध्ये आणि ‘सुधा’ १९२७ मध्ये निघाली, पण ती छापखाना आणि ग्रंथप्रकाशन यांच्या पोटी. ‘माधुरी’ नवलकिशोर प्रेसची. फरक दर्जाचा नाही, उगमाचा आहे. मराठी वाचकाच्या हाती कथा, सुधारणेचा लेख आणि यंत्राची जाहिरात एकाच अंकात, एकाच विचारविश्वाचा भाग म्हणून आली. यंत्र बाळगणारे घर म्हणजे सुधारलेले घर, ही समजूत तेथे छापली गेली. प्रेमचंदांच्या ‘गोदान’मध्ये, १९३६ साली, होरीच्या घराला जी वस्तू हवी असते ती गाय आहे, आणि ती उधारीने दारात येते. दोन्ही स्वप्ने घराचीच. एक छापील पानावरून आलेले, दुसरे धर्म आणि कर्ज यांच्या मधून.

डेव्हिड अर्नल्ड यांनी २०१३ च्या आपल्या ग्रंथात सायकल, शिवणयंत्र, टंकलेखन यंत्र आणि भातगिरणी या ‘नित्याच्या’ यंत्रांचा भारतीय इतिहास लिहिला, तेव्हा धरणे आणि रेल्वे यांच्या सावलीत राहिलेल्या वस्तू प्रथमच मध्यभागी आल्या. त्यांच्या ग्रंथाशेजारी श्रीलाल शुक्ल यांची ‘राग दरबारी’ ही १९६८ ची कादंबरी ठेवून पाहावी. शुक्ल लखनौ जिल्ह्यातीलच, अतरौली गावचे. त्यांचे शिवपालगंज काल्पनिक आहे, पण अवधी मातीचे. या कादंबरीतील विज्ञानाचे शिक्षक मास्टर मोतीराम यांची स्वतःची पिठाची चक्की आहे, आणि आपेक्षिक घनता शिकवताना ते चक्कीच्या उदाहरणाशिवाय पुढे जाऊ शकत नाहीत. वर्गात शिकवणे हा जोडधंदा, चक्की हा मुख्य. यंत्र आले की विज्ञानदृष्टी येते या नियोजनकारांच्या श्रद्धेवर याहून नेमका अभिप्राय अहवालांत सापडणार नाही. यंत्र येथे व्यापाराचे साधन म्हणून येते, आणि विज्ञानच त्याच्या दारात दळणासाठी रांगेत उभे राहते.

घरात वस्तू येण्याच्या वाटाही सारख्या नाहीत. खरेदी ही त्यांपैकी केवळ एक. घड्याळ, सायकल आणि रेडिओ हे त्रिकूट उत्तर भारतात कित्येक दशके हुंड्याचे मानक होते. पुढे सायकलीची जागा मोटारसायकलीने आणि रेडिओची दूरचित्रवाणीने घेतली. अशी वस्तू सुनेच्या माहेरून येते, जावयाच्या हातात राहते आणि सासरच्या घराच्या नावे मोजली जाते. राज्याचे दान ही आणखी एक वाट. उत्तर प्रदेश सरकारने बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटण्यास ११ मार्च २०१३ रोजी लखनौतून आरंभ केला, तेव्हा ग्रामीण भागातील विजेचा नुकताच मोजलेला आकडा वर आलाच आहे. १ मे २०१६ रोजी बलिया येथून उज्ज्वला योजनेतील गॅसजोडण्यांचा, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये सौभाग्य योजनेतील वीजजोडण्यांचा प्रारंभ झाला. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ९६.८ टक्के लोकसंख्या वीज असलेल्या घरांत राहत असल्याचे, पण स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन ५८.६ टक्के घरांतच वापरले जात असल्याचे दिसते. शेगडी घरात आहे आणि सरपणही आहे, असा हा काळ. शेगडी पाहुण्यांसाठी किंवा पावसाळ्यासाठी, चूल रोजच्या भाकरीसाठी, ही विभागणी दोन्ही प्रांतांतील स्त्रियांना ठाऊक आहे.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत बख्शी का तालाबचे स्वतःचे असे एक साक्ष्य आहे. मुंबई केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले, लखनौ केंद्र १९७५ मध्ये. मुंबईत छोटा पडदा आला त्याच वर्षी, १९७२ मध्ये, बख्शी का तालाब येथे एका रामलीलेस आरंभ झाला. तीत राम-लक्ष्मणापासूनच्या प्रमुख भूमिका मुस्लिम कलाकार करीत आले, आणि ही परंपरा दीर्घकाळ चालू राहिली. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली. संच असलेल्या घरात संच नसलेले शेजारी जमले, पडद्याला हार घातले गेले, वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी जोडली गेली. बत्तीस वर्षांपूर्वी पुण्याच्या रेडिओला पडलेल्या हाराची ही मोठी आवृत्ती होती. या मालिकेचा आणि त्या काळाच्या राजकारणाचा संबंध अरविंद राजगोपाल यांनी २००१ मध्ये विस्ताराने मांडला आहे. त्याची पुनरुक्ती येथे नको. इतकेच नोंदवावे की रामकथेचे तीन प्रकारचे श्रवण-दर्शन या कालखंडात उपलब्ध होते. पुण्यात मालकाच्या घरी पाहुणा होऊन ऐकणे, बख्शी का तालाबच्या मैदानात कोणाच्याही घरी न जाता पाहणे, आणि १९८७ नंतर संचधारकाच्या उंबरठ्याआत बसून पाहणे. मैदानात राम कोणी व्हायचे हे गाव ठरवत होते. पडद्यावर ते ठरवण्यात गावाचा वाटा नव्हता, आणि उंबरठ्याआत कोणी यायचे हे संचाचा मालक ठरवणार होता. अवधातील किंवा महाराष्ट्रातील कोणत्या घरी कोणत्या जातीचा शेजारी आत बसला, कोण दारातून पाहत उभा राहिला आणि कोण आलाच नाही, याची नोंद कोणत्याही तक्त्यात नाही. दलित आत्मकथनांचे वाचन या प्रश्नासह पुन्हा व्हावयास हवे.

कर्क जॉन्सन यांनी महाराष्ट्रातील दोन डोंगरी गावांत दूरचित्रवाणीच्या परिणामांचा अभ्यास करून तो २००० मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या दशकात लक्ष फोनकडे वळले, आणि क्षेत्र उत्तर प्रदेशाकडे. असा डोरॉन यांचे बनारसमधील काम, आणि रॉबिन जेफ्री यांच्यासह त्यांनी २०१३ मध्ये लिहिलेला मोबाइलवरील ग्रंथ यांत फोन कोणाच्या खिशात असतो, सुनेला तो केव्हा मिळतो, माहेरचा फोन आला तर बोलताना शेजारी कोण उभे राहते, असे प्रश्न येतात. रेडिओ आणि दूरचित्रवाणी एका जागी बसून घराच्या होत्या. फोन हिंडतो; तो देहावर राहतो. म्हणूनच पश्चिम उत्तर प्रदेशातील काही पंचायतींनी अविवाहित मुलींनी मोबाइल बाळगू नये असे फर्मान काढल्याच्या बातम्या २०१० पासून येऊ लागल्या. रेडिओविषयी असे फर्मान काढण्याची गरज कोणास वाटली नव्हती. मुनरीला जे ठाऊक होते त्याचीच ही भीती आहे, असे म्हणता येईल.

भाषेकडे वळले असता मराठीतील एक शब्द येथे साक्षीस येतो. ‘कुटुंब’ म्हणजे घरातील सर्व माणसे. आणि जुन्या वळणाच्या बोलण्यात ‘आमचे कुटुंब’ म्हणजे बायको. हिंदीत ‘परिवार’ म्हणताना सर्वसाधारणपणे घरातली सारी माणसेच अभिप्रेत असतात. सर्वेक्षणाच्या मराठी आवृत्तीत ‘कुटुंबाकडे मोबाइल आहे काय’ असे विचारले, तर तो प्रश्न शब्दाच्या जुन्या अर्थाने थेट घरातील स्त्रीलाच उद्देशून होतो, आणि त्याचे उत्तर मात्र बहुधा कर्ता पुरुष देतो. शब्द स्त्रीचे नाव घेतो, आकडा तिला वगळतो.

हा वगळलेला आकडा मिळवण्याचा प्रयत्न राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने चौथ्या फेरीपासून केला. घरात फोन आहे काय, याखेरीज स्त्रीला स्वतंत्रपणे विचारले गेले, की ती स्वतः वापरते असा मोबाइल तिच्याजवळ आहे काय. २०१५–१६ मध्ये देशातील ४५.९ टक्के स्त्रियांनी होय म्हटले, २०१९–२१ मध्ये ५३.९ टक्क्यांनी. याच दुसऱ्या फेरीत कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३.३ टक्के आणि पुरुष ५७.१ टक्के निघाले. उत्तर प्रदेशात स्वतःचा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ३७.१ वरून ४६.५ वर गेले, महाराष्ट्रात ४५.६ वरून ५४.८ वर. दोन राज्यांतील अंतर सुमारे आठ टक्क्यांचे, आणि ते दोन्ही फेऱ्यांत जवळपास तेवढेच राहिले. विजेच्या रकान्यात ज्या दोन राज्यांमध्ये सत्तेचाळीस टक्क्यांची दरी होती, त्यांच्यातील स्त्रिया या एका प्रश्नापुरत्या परस्परांच्या बऱ्याच जवळ उभ्या दिसतात. पुढारलेल्या महाराष्ट्राच्या कल्पनेला हा आकडा फारसा रुचणारा नाही.

२०२१ ची जनगणना त्या वर्षी होऊ शकली नाही. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना सरकारने १६ जून २०२५ रोजी काढली. तिच्या पहिल्या टप्प्यातही मोजणी घराची आणि घरातील वस्तूंचीच आहे.